तालुक्याची निवृत्त शिक्षक-शिक्षकेतर संघटना: बांधणी, वाढ आणि रोजचं काम

पिवळीफाईल (धागाकर्ता)

बऱ्याच तालुक्यांत चित्र सारखंच दिसतं. कागदावर तीनशे सभासद, सभेला तीस डोकी, त्यातली पंधरा कार्यकारिणीचीच. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ, एकदा महागाई भत्त्याचं निवेदन, संपलं. नवे निवृत्त येत नाहीत म्हणून पदाधिकारी नाराज. पण त्यांनी का यावं, याचं उत्तर कोणाकडे नसतं. हा धागा त्या उत्तरासाठी. आठवणी नकोत, कामाचं लिहा.

माझ्या मते पावतीपुस्तकाच्या आधी नोंदवही करावी. साधी एक्सेल चालते. रकाने असे: नाव पीपीओवर (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आहे तसं, नाव आधारवर आहे तसं (हे दोन वेगळे रकाने), शेवटची शाळा आणि पद, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक, निवृत्तिवेतन कोषागारातून की पंचायत समितीतून, बँकेची शाखा, अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) तारीख, जोडीदाराचं नाव व जन्मतारीख, घरातल्या एका तरुण माणसाचा मोबाइल. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक लिहून ठेवू नका. ही वही दहा हातांतून फिरते.

या वहीतूनच वर्षभराचं काम निघतं. अंशराशीकरणाला १५ वर्षं झाली की कापला जाणारा भाग पुन्हा सुरू व्हायला हवा. ८० पूर्ण झाली की वाढीव निवृत्तिवेतन. दोन्ही आपोआप व्हायला पाहिजेत, आणि दोन्ही अनेकदा राहून जातात, विशेषतः खातं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत गेलं असेल तर. दर महिन्याच्या १ तारखेला वही तारखेप्रमाणे लावायची आणि पुढच्या तीन महिन्यांत ज्यांचं काही देय होतंय त्यांना फोन करायचा. ज्याला असा फोन येतो तो वर्गणीची पावती स्वतःहून मागतो.

टेबलनंबर३

वहीबद्दल सहमत. कोषागार की पंचायत समिती, या दोन प्रवाहांचा मुद्दा मात्र जरा उलगडून सांगायला हवा, नवे पदाधिकारी तिथेच गोंधळतात.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचं निवृत्तिवेतन जिल्हा परिषदेतच मंजूर होतं आणि पंचायत समितीमार्फत मिळतं. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेच्या माणसाचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडून महालेखापालांकडे जातो (विदर्भ-मराठवाड्याचा नागपूरला, बाकीचा मुंबईला) आणि पैसे कोषागारातून येतात. म्हणजे एकाच तक्रारीला दोन वेगळे दरवाजे. संघटनेत दोन्हींसाठी एकेक स्वतंत्र माणूस नेमा. सगळं सचिवानेच करायचं म्हटलं की तो सहा महिन्यांत थकतो आणि मग फोन उचलत नाही.

सभासद कधी मिळवायचे? महाराष्ट्रात असंख्य शिक्षकांची जन्मतारीख १ जून आहे, आणि महिन्याच्या १ तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. त्यामुळे ३१ मे हा आपला सुगीचा दिवस. पण ३१ मेला पुष्पगुच्छ घेऊन जाणं म्हणजे उशीर. आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शाळाशाळांतून यादी घ्या, कारण निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव ६ महिने आधी गेलेला असावा लागतो. तेव्हाच सेवापुस्तक उघडून बघायचं:

- प्रत्येक वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर पडताळणी पथकाचा शिक्का आहे का
- सेवेत खंड असेल तर तो क्षमापित केल्याची नोंद
- अर्जित रजेचा हिशेब (शिक्षकेतरांसाठी हा मोठा पैसा, ३०० दिवसांपर्यंत)
- नामनिर्देशन: भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), गट विमा, तिन्ही वेगवेगळी
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा त्याची सेवापुस्तकात नोंद

पडताळणीत आक्षेप निघतो तो बहुतेक वेळा जुन्या वेतननिश्चितीचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक वेतनवाढ चुकीची लागली, आता 'अतिप्रदान वसुली'. इथे पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह (डिसेंबर २०१४) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामी येतो. वर्ग ३ व ४ चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करता येत नाही, असं त्यात आहे. अर्जाला निकालाची प्रत जोडा. कर्मचाऱ्याने 'जास्त दिलं असल्यास परत करीन' असं हमीपत्र दिलं असेल तर मात्र कार्यालय तेच पुढे करतं. तेव्हा वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल.

शाळेचीघंटा

>> निवृत्त शिक्षक-शिक्षकेतर संघटना

नावात 'शिक्षकेतर' आहे, कार्यकारिणीत किती आहेत? अध्यक्ष माजी मुख्याध्यापक, उपाध्यक्ष माजी मुख्याध्यापक, सचिव माजी पर्यवेक्षक. लिपिक असतो तो कोषाध्यक्ष म्हणून, कारण त्याला हिशेब येतो. शिपाई, प्रयोगशाळा परिचर, नाईक कुठेच नाहीत. मग सभेत ते मागच्या रांगेत बसतात आणि नंतर यायचे बंद होतात.

घटनेतच लिहा: ११ जणांच्या कार्यकारिणीत किमान ३ शिक्षकेतर, त्यात किमान १ चतुर्थश्रेणी. वर्गणी निवृत्तिवेतनाच्या प्रमाणात दोन टप्प्यांत ठेवा, मताचा हक्क मात्र सारखा. आणि चतुर्थश्रेणीची निवृत्ती ५८ ला नसून ६० ला होते, त्यामुळे मे महिन्याच्या मोहिमेत ही माणसं वयाच्या चुकीच्या हिशेबाने सुटतात.

कागदांची खरी गरजही याच गटाला जास्त. सेवापुस्तकात 'दगडू', आधारवर वडिलांच्या नावासकट वेगळंच स्पेलिंग, बायकोचं नाव पीपीओवर माहेरचं. माणूस गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाला हेच आडवं येतं.

पिवळीफाईल

>> किमान ३ शिक्षकेतर, त्यात किमान १ चतुर्थश्रेणी

हे वरच्या मजकुरात यायला हवं होतं. घटना दुरुस्तीचा ठराव कोणी करत असेल तर हे शब्द जसेच्या तसे घ्या.

नियमावली

नोंदणीबद्दल कोणी बोललं नाही अजून. नोंदणी न करताही गट चालतो, पण बँक खातं संस्थेच्या नावाने सहसा निघत नाही, आणि मग पैसे अध्यक्ष व कोषाध्यक्षांच्या संयुक्त खात्यात. त्यातला एक गेला की वारस मध्ये येतात. तेवढ्यासाठी तरी नोंदणी करा.

पद्धत: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान ७ जण लागतात. महाराष्ट्रात त्याचबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद होते. दोन्हींचं काम जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात. लागतं काय: विधानपत्र (उद्देश), नियमावली, सातही जणांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. नावात 'शासकीय', 'महाराष्ट्र राज्य' असे शब्द घालू नका, आक्षेप येतो.

उद्देशांत फक्त 'सभासदांच्या मागण्या मांडणे' असं लिहिलं तर प्रकरण अडतं, कारण धर्मादाय उद्देश दिसायला हवा. शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, गरजूंना मदत हे खरोखर करणार असाल तर लिहा.

आता जिथे नव्वद टक्के संघटना फसतात ते. निवडणूक झाली, कार्यकारिणी बदलली, की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. सत्कार होतात, फोटो होतात, अर्ज राहतो. सहा वर्षांनी बँक केवायसी मागते तेव्हा अनुसूची १ वर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) पहिलेच सात जण, त्यातले तीन दिवंगत. मग मागचे सगळे बदल क्रमाने दाखल करायचे, प्रत्येकाला विलंब माफीचा अर्ज, प्रत्येकाला त्या वेळचं इतिवृत्त, सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या. इतिवृत्तच नसेल तर पुढचं बोलायलाच नको.

म्हणून निवडणुकीच्या सभेतच बदल अर्जाच्या कागदांवर जुन्या-नव्या सगळ्यांच्या सह्या घेऊन टाका. सभा संपून माणसं एकदा पांगली की सह्यांसाठी तालुका पालथा घालावा लागतो.

खतावणी

हिशेबाचं थोडं.

आजीव वर्गणी हा स्थायी निधी, खर्चायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तरी तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात मूळ रकमेला हात लागतो. आकडेमोड करून बघा. आजीव वर्गणी २,००० रुपये, व्याज ७ टक्के धरलं तर माणशी वर्षाला १४० रुपये. सभासद ३०० आणि वर्षाचा खर्च (हॉल, टपाल, लेखापरीक्षक, छपाई) ६०,००० असेल तर माणशी २००. म्हणजे दरवर्षी १८,००० ची तूट. एकतर आजीव वर्गणी ३,००० करा किंवा वार्षिक कार्यक्रम निधी वेगळा घ्या. 'देणगीतून भागवू' हे उत्तर नाही.

ठेव राष्ट्रीयीकृत किंवा अनुसूचित बँकेत. आपल्याच लोकांची पतसंस्था अर्धा टक्का जास्त देते म्हणून तिथे ठेवू नका. विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे ठेवायचा हे कायद्याने ठरवलेलं आहे आणि पतसंस्था त्यात बसत नाही. लेखापरीक्षक हा शेरा मारतोच.

खात्यावर तिघांची नावं, कोणत्याही दोघांच्या सह्या. रोजकीर्द रोजच्या रोज. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक आणि कोणाकडे कोणतं पुस्तक दिलं याची नोंद. गावोगावच्या प्रतिनिधींकडे दिलेली अर्धवट पुस्तकं परत न येणं हा हिशेब न जुळण्याचा सगळ्यात नेहमीचा प्रकार. ३१ मार्चला वर्ष बंद, सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण.

ओसरी

मृत्यू साहाय्य निधीबद्दल काय मत? सभासद वारल्यावर प्रत्येकाने १०० रुपये द्यायचे आणि कुटुंबाला एकरकमी. सभासद वाढवायला याचा फार उपयोग होतो असं ऐकलंय.

खतावणी

वाढवायला होतो, टिकवायला नाही. ३०० सभासद, वर्षाला ८ मृत्यू: माणशी ८०० रुपये, कुटुंबाला ३०,०००. सुरुवातीला गोड. दहा-बारा वर्षांनी तीच माणसं ऐंशीच्या घरात, सभासद २००, मृत्यू २०. आता माणशी वर्षाला २,००० आणि कुटुंबाला फक्त २०,०००. ज्यांनी सर्वांत जास्त भरलं त्यांनाच सर्वांत कमी. साठीचा नवा माणूस हे गणित दोन मिनिटांत करतो आणि येत नाही. शिवाय हे विम्यासारखं दिसतं, आणि एखाद्या कुटुंबाला कमी मिळालं की भांडण चव्हाट्यावर.

त्याऐवजी तातडीच्या खर्चाला ठरावीक लहान रक्कम, उदाहरणार्थ ३,०००, चालू उत्पन्नातून, 'निधी असेल तर' अशा स्पष्ट शब्दांत. आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद संघटनेने करून द्यायचे. त्याची किंमत ३०,००० पेक्षा जास्त आहे.

सुमन_वाचनालय

त्या कागदांबद्दलच लिहायचं होतं.

सभासद हयात असतानाच एक पाकीट करायला लावा. पीपीओची झेरॉक्स, पतिपत्नीचा एकत्र फोटो, दोघांचं आधार व पॅन, पासबुकाचं पहिलं पान, लग्नाचा पुरावा, दिव्यांग मूल असेल तर त्याचं प्रमाणपत्र. खातं जोडीदारासोबत संयुक्त करता येतं, करून घ्या. पीपीओवर जोडीदाराचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर दुरुस्ती पेन्शनधारकाच्या सहीने सोपी जाते. नंतर प्रतिज्ञापत्रं आणि वारस दाखल्यांची रांग लागते.

निधनानंतर: मृत्यू दाखल्याच्या पाच-सहा मूळ प्रती घ्या. बँक आणि कोषागार (किंवा पंचायत समिती) दोघांनाही लेखी कळवा, तेही पुढचं निवृत्तिवेतन जमा होण्याआधी. मुलं एटीएमने पैसे काढत राहतात, मग ती रक्कम वसूल होते आणि तोवर कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण पडून राहतं. आणखी एक, लोकांना हे सांगावं लागतं: अंशराशीकरण केलेलं असलं तरी त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन कमी होत नाही. टेबलावर कोणी 'तेवढं कापून' म्हटलं तर लेखी मागा.

संघटनेच्या बाजूने: घटनेत लिहा की सभासद गेल्यावर जोडीदार त्याच वर्गणीवर पूर्ण सभासद होईल, मतासह. बहुतेक ठिकाणी त्या बाईंचं नाव ग्रुपमधून काढून टाकतात, श्रद्धांजलीच्या मेसेजनंतर आठवड्याभरात. खरं तर संघटनेची गरज तेव्हा सुरू होते. घरी जायला दोन निवृत्त शिक्षिका ठरवून ठेवा. पुरुष पदाधिकाऱ्यांसमोर पैशांचं बोलणं अनेकींना जड जातं.

टेबलनंबर३

हयातीच्या दाखल्याचं शिबिर हे वर्षातलं सगळ्यात मोठं काम, म्हणून सविस्तर.

नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या यादीवर सही, किंवा जीवन प्रमाण (आधारवरून ऑनलाइन निघणारा हयातीचा दाखला). राहिलं तर डिसेंबरपासून निवृत्तिवेतन थांबतं. शिबिर १ ते १० नोव्हेंबरच्या दरम्यान घ्या. दिवाळी कधी येते ते बघून, कारण त्या आठवड्यात अर्धे लोक मुलांकडे शहरात असतात. त्यांची यादी वेगळी करा, त्यांना मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो. त्यासाठी जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही ॲप लागतात.

६० माणसांच्या शिबिराला चार टेबलं. पहिल्यावर कागद तपासणी: पीपीओ, पासबुक, आधार, आणि ओटीपी येणारा मोबाइल स्वतःजवळ आहे ना. दुसऱ्या-तिसऱ्यावर लॅपटॉप आणि एल-१ प्रकारचं बोटाचं यंत्र किंवा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन. चौथ्यावर छापील प्रत आणि वहीत नोंद. एका माणसाला ६ ते ८ मिनिटं धरा, म्हणजे दोन यंत्रांवर तासाला सोळा-सतरा. सगळ्यांना ११ ला बोलवू नका, गावाप्रमाणे तासांच्या वेळा द्या.

बिघडतं ते असं:

बोटांचे ठसे उमटत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून, सगळी बोटं आळीपाळीने. तरी नाही तर चेहरा. चेहऱ्याला उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ नको, चष्मा काढायचा.

वितरण कार्यालय (निवृत्तिवेतन देणारं) चुकीचं निवडलं जातं. दाखला निघतो, प्रमाण क्रमांकही येतो, पण तो जातो भलत्याच कार्यालयात आणि नाकारला जातो. प्रमाण क्रमांक मिळाला म्हणजे दाखला स्वीकारला गेला असं नाही. आठ-दहा दिवसांनी प्रत्येकाची स्थिती पुन्हा तपासायला एक माणूस ठेवा. जिल्हा परिषदेच्या निवृत्तांचं कार्यालय यादीत नीट दिसत नसेल तर वेळ घालवू नका, सरळ सहीचा मार्ग.

अंथरुणाला खिळलेले: मॅनेजरला आधी पत्र देऊन घरी जाण्याची तारीख ठरवा. २० नोव्हेंबरनंतर बँकेला वेळ नसतो.

त्याच दिवशी दोन कामं जोडून घ्या. ७० पूर्ण झालेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही). आणि सायबर फसवणुकीवर दहा मिनिटं, कारण 'तुमचा हयातीचा दाखला अपूर्ण आहे, लिंक उघडा' असे फोन याच महिन्यात येतात. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरात भिंतीवर.

ओसरी

सभेच्या वेळेचंही त्यात धरा. एसटीने येणाऱ्यांची परतीची गाडी बघून वेळ ठरवा. ७५ वरच्यांना एसटी मोफत, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट, त्यामुळे भाडं अडचण नाही. गाडी चुकणं ही अडचण आहे. तळमजला, स्वच्छतागृह जवळ, माइक चालू. सत्कार शेवटी आणि सगळे मिळून पंधरा मिनिटांत. सुरुवातीला ठेवले तर निवृत्तिवेतनाच्या प्रश्नांपर्यंत लोक उठलेले असतात.

नियमावली

निवेदनांविषयी. 'विविध मागण्या' या मथळ्याचं अठरा कलमी निवेदन म्हणजे फोटोपुरतं काम. राज्य पातळीचे विषय (महागाई भत्ता, २००५ पूर्वी नियुक्त पण शाळेला अनुदान नंतर मिळालेल्यांचं जुनं निवृत्तिवेतन) राज्य संघटनेमार्फत जाऊ देत. तालुक्यात गटशिक्षणाधिकारी किंवा कोषागार अधिकारी जे स्वतः सोडवू शकतात तेवढंच मागा: सातव्या आयोगाचा राहिलेला थकबाकी हप्ता, गट विम्याची रक्कम, ३० जूनला निवृत्त झालेल्यांची १ जुलैची काल्पनिक (निवृत्तिवेतनाच्या हिशेबापुरती धरायची) वेतनवाढ. एक विषय, एक पान, मागे तक्ता: नाव, पीपीओ क्रमांक, प्रकरण कधी दिलं, कोणत्या टेबलावर आहे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

महिन्याने स्मरणपत्र, मग पेन्शन अदालतीत नोंद किंवा जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला (महिन्याचा पहिला सोमवार) अर्ज. तरीही हललं नाही तर माहिती अधिकार: १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, संघटनेच्या लेटरहेडवर नको तर एका सभासदाच्या नावाने, कारण माहिती नागरिकाला मिळते. 'प्रकरण का रखडलं' असं विचारू नका, 'का' ला उत्तर देत नाहीत. 'दिनांक अमुक पासून आजपर्यंतच्या टिपणीच्या प्रती' मागा.

शाळेचीघंटा

पुढची फळी कुठून आणायची? ५८ ला निवृत्त झालेला माणूस म्हणतो, तुमचं चालू द्या.

पिवळीफाईल

पद देऊ नका, काम द्या. 'सहसचिव व्हा' म्हटलं की माणूस पळतो. 'नोव्हेंबरात दोन दिवस दुसऱ्या टेबलावर बसाल का' म्हटलं की येतो. दोन शिबिरं बसला की त्याला सगळं कळलेलं असतं. घटनेत सलग दोनच मुदती, ३+३ वर्षं. पंच्याहत्तरीनंतर सल्लागार मंडळ, सहीचे अधिकार नाहीत.

१ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेले आता निवृत्तीला येऊ लागलेत, काही आधीच आलेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना जुन्या पद्धतीचं पीपीओ, अंशराशीकरण लागू नाही. त्यांचा प्रश्न डीसीपीएसचे (त्यांच्यासाठी आलेली अंशदायी निवृत्तिवेतन योजना) न जुळणारे हप्ते आणि खात्यात न दिसणारा शासनाचा हिस्सा. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान आणि एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) समजणारा एक माणूस आत्ताच शोधून ठेवा. नाहीतर ते स्वतःची दुसरी संघटना काढतील, आणि त्यांचं चूक नसेल.

व्हॉट्सॲप: एक ग्रुप फक्त सूचनांचा, ज्यात पदाधिकारीच लिहू शकतात. दुसरा गप्पांचा. शुभ सकाळच्या फुलांखाली हयातीच्या दाखल्याची सूचना गडप होऊ नये. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दर वीस जणांमागे एक फोन करणारा.

ओसरी

पदभार देताना काय काय घ्यायचं? आमच्याकडे लवकरच निवडणूक आहे.

खतावणी

नोंदणी प्रमाणपत्रं (दोन्ही), अनुसूची १ चा ताजा उतारा, मूळ घटना, पॅन, इतिवृत्त वह्या सुरुवातीपासून, लेखापरीक्षण अहवाल, ठेव पावत्या, चेकबुक, कोरी व अर्धी पावतीपुस्तकं, शिक्के, सभासद वही (पेनड्राइव्ह आणि छापील), ग्रुपचं ॲडमिनपद. सगळ्याची यादी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या.

एक गोष्ट हमखास राहते. बँकेचा ओटीपी जुन्या कोषाध्यक्षाच्या मोबाइलवर येतो, आणि तो मुलाकडे पुण्याला गेलेला असतो. संघटनेसाठी वेगळं सिम घ्या, साध्या फोनमध्ये, कार्यालयात किंवा कोषाध्यक्षाकडे. बँक, पॅन, ईमेल सगळीकडे तोच नंबर. रिचार्जची तारीख रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर लिहा, चुकलं तर नंबर बंद होतो. आणि सिम ज्याच्या आधारवर घेतलं आहे तो माणूस पायउतार झाला की तेही नव्याच्या नावावर करून घ्या.